बीपी किती असायला हवं? बाळापासून ऐंशीच्या आजीपर्यंत, आकडे कसे मोजायचे आणि कसे वाचायचे

आमच्या घरी बीपीचं मशिन आलं त्या संध्याकाळी सगळे एकामागून एक दंडाला पट्टा गुंडाळून बसले. आई नुकतीच जिना चढून आलेली, पट्टा स्वेटरच्या बाहीवरूनच गुंडाळला, हात मांडीवर, आणि मोजणं चालू असताना ती माझ्याशी बोलतच होती. आकडा आला १६८/९४. माझ्या पोटात गोळाच आला. मग दहा मिनिटांनी तिला खुर्चीत नीट टेकून बसवलं, स्वेटर काढला, हात टेबलावर ठेवला, बोलू नकोस म्हटलं आणि परत मोजलं तर १४२/८६. माणूस तोच, मशिन तेच, मधे फक्त दहा मिनिटं. त्यावर बाबा म्हणाले, "मग काय, या वयात एवढं असायचंच."

हा लेख मी त्या दोन गोष्टींसाठी लिहितेय. एकदा मोजून आलेला आकडा म्हणजे आपलं बीपी नव्हे, हे एक. आणि दुसरं म्हणजे "या वयात चालायचंच" हे वाक्य. एखाद्या वयात पुष्कळ लोकांचं बीपी वाढलेलं दिसतं म्हणून त्या वयात ते वाढलेलं चांगलं असतं असं अजिबात नाही, आणि या एका गैरसमजापायी किती जण वर्षानुवर्षं गोळीशिवाय, तपासणीशिवाय काढतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेला आकडा आहे, ३० ते ७९ वयातल्या साधारण १२८ कोटी लोकांना हाय बीपी आहे आणि त्यातल्या जवळजवळ निम्म्या लोकांना ते माहितीच नाही. माहिती नसतं कारण काही होतच नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, माणूस ठणठणीत वाटतो, आणि आतल्या आत हृदय, किडनी, मेंदूच्या रक्तवाहिन्या आणि डोळ्यांचा पडदा यांच्यावर ताण पडत राहतो. मोजल्याशिवाय कळायला मार्ग नाही.

आधी ते दोन आकडे म्हणजे काय ते बघू

१२०/८० असं लिहिलेलं असतं त्यातला पहिला, म्हणजे वरचा आकडा, हृदय आकुंचन पावून रक्त बाहेर ढकलतं त्या क्षणी धमनीच्या भिंतीवर येणारा दाब. खालचा आकडा म्हणजे दोन ठोक्यांच्या मधे हृदय सैल पडतं तेव्हा धमनीत उरलेला दाब. दोन्ही मिलिमीटर पाऱ्यात मोजतात, कारण पूर्वी खरोखर पाऱ्याची उभी नळी असायची आणि पारा किती उंच चढतो ते बघायचे. दंडाला पट्टा बांधून मोजायची पद्धत इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये आणली आणि १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकून दोन्ही आकडे काढायचं दाखवून दिलं. डॉक्टर अजूनही पट्ट्याखाली स्टेथोस्कोप लावून ऐकतात ना, ते तेच आवाज. घरचं डिजिटल मशिन आवाज ऐकत नाही, ते पट्ट्यातल्या हवेची थरथर मोजून हिशोब करतं, म्हणूनच हात हलला की त्याचा गोंधळ होतो.

खूप जण विचारतात की वरचं महत्त्वाचं की खालचं. दोन्ही. पण पन्नाशीनंतर वरच्याकडे जास्त लक्ष द्यायचं, ते का ते पुढे येईलच.

पायरी १: मशिन आणि पट्टा

मशिन दंडाचं घ्या. मनगटाचं सोयीचं वाटतं पण हात थोडा वरखाली झाला की रीडिंग बदलतं. घड्याळात किंवा अंगठीत बीपी दाखवणारी साधनं आहेत, त्यांच्यावर विसंबून गोळीचा निर्णय घेऊ नका. मशिन प्रमाणित आहे ना, म्हणजे क्लिनिकल चाचणीत तपासलेलं आहे ना, ते खोक्यावर बघून घ्या.

पट्ट्याचा साइज ही गोष्ट कोणी सांगतच नाही आणि गडबड तिथेच होते. दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तर बीपी खोटंच जास्त येतं. अमेरिकेत २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत असं दिसलं की ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा लावला तर वरचा आकडा सरासरी जवळजवळ २० ने जास्त दाखवतो. २० म्हणजे नॉर्मल माणूस पेशंट ठरायला पुरेसे! उलट बारीक हाताला मोठा पट्टा लावला की आकडा कमी येतो आणि खरं बीपी लपतं. तेव्हा टेप घेऊन खांदा आणि कोपर यांच्या मधोमध दंडाचा घेर मोजा आणि पट्ट्यावर छापलेल्या सेंटिमीटरमध्ये तो बसतो का बघा. दोन मिनिटांचं काम आहे, मशिन घरी आल्या आल्या करून टाका.

पायरी २: मोजायचं कसं

मोजण्याच्या आधी अर्धा तास चहा-कॉफी नाही, सिगरेट नाही, व्यायाम नाही. लघवी लागली असेल तर आधी जाऊन या, भरलेल्या मूत्राशयानेही आकडा वाढतो. मग खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं नुसतं बसायचं. मोबाइल बघत बसणं म्हणजे शांत बसणं नव्हे. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या दोनेक बोटं वर, आणि हात टेबलावर अशा उंचीवर की पट्टा छातीच्या मध्याच्या पातळीत येईल. हात मांडीवर ठेवला किंवा बाजूला लोंबकळता ठेवला तर आकडा जास्त येतो, आईच्या बाबतीत तेच झालं होतं. आणि मोजताना बोलायचं नाही. हे सगळ्यात कठीण, कारण समोरचा "किती आलं" विचारतोच!

एक रीडिंग झालं की एक मिनिट थांबून दुसरं घ्या, दोन्ही लिहा. पहिल्या दिवशी दोन्ही हातांत मोजून बघा. थोडा फरक सगळ्यांनाच असतो, ज्या हातात जास्त येतं तो हात पुढे कायम वापरायचा. फरक वरच्या आकड्यात १५ पेक्षा जास्त आणि तोही वारंवार येत असेल तर डॉक्टरांना सांगा, एका बाजूची धमनी अरुंद झालेली असू शकते. ज्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित असतात त्यांचं डिजिटल मशिनवरचं रीडिंग दर वेळी वेगळं येतं, त्यांनी तीन वेळा मोजून सरासरी काढावी आणि डॉक्टरांकडून हाताने मोजूनही घ्यावं.

पायरी ३: सात दिवसांची वही

मला विचाराल तर अख्ख्या लेखातली ही एकच गोष्ट केली तरी चालेल. सात दिवस, सकाळी उठल्यावर तासाभरात, खाण्याआधी आणि बीपीची गोळी चालू असेल तर ती घेण्याआधी, दोन रीडिंग. रात्री झोपण्याआधी दोन रीडिंग. पहिला दिवस सोडून द्यायचा, त्या दिवशी आपण बिचकलेले असतो. उरलेल्या सहा दिवसांची २४ रीडिंग होतात, त्यांची सरासरी काढायची. ती सरासरी म्हणजे तुमचं बीपी.

आईच्या वहीचं पहिलं पान अजून आहे. तारीख, वेळ, वरचं, खालचं, नाडी, आणि शेवटच्या रकान्यात तिने स्वतःहून लिहिलेलं, "झोप नाही", "पाहुणे", "गुडघ्याची गोळी घेतली". डॉक्टरांनी ते पान बघितलं आणि बोट थेट शेवटच्या रकान्यावर ठेवलं. गुडघेदुखीसाठी ती जी वेदनाशामक गोळी अधूनमधून घेत होती, त्या जातीच्या गोळ्यांनी बीपी चढतं. ती गोळी त्यांनी बदलून दिली. रकाना नसता तर हे कधीच कळलं नसतं, म्हणून वहीत शेरा लिहायला एक रकाना ठेवाच.

घरच्या वहीचा आणखी एक उपयोग आहे. काही जणांचं बीपी फक्त दवाखान्यात वाढतं, डॉक्टरांना बघून. आणि काहींचं बरोबर उलटं, दवाखान्यात छान आणि घरी, कामावर, रात्री वाढलेलं. हे दुसरे लोक जास्त धोक्यात असतात, कारण त्यांना सगळे "तुमचं एकदम नॉर्मल" सांगून परत पाठवतात. शंका असेल तर डॉक्टर २४ तासांचं मशिन लावतात, ते दिवसा दर पंधरा-वीस मिनिटांनी आणि झोपेतही मोजतं.

पायरी ४: मोठ्या माणसांच्या रेषा

१८ च्या पुढे वय काहीही असो, १२०/८० च्या खाली असलं की उत्तम. इथेच लोक बुचकळ्यात पडतात कारण एक डॉक्टर म्हणतात १३० ला लक्ष द्या, दुसरे म्हणतात १४० पर्यंत ठीक. दोघंही आपल्या जागी बरोबर आहेत. अमेरिकेच्या हृदयरोग संस्थांनी २०१७ मध्ये रेषा खाली आणली, १३०/८० पासून हाय बीपीची पहिली पायरी आणि १४०/९० पासून दुसरी. जागतिक आरोग्य संघटना आणि युरोपातले हृदयरोगतज्ज्ञ दवाखान्यातल्या १४०/९० लाच हाय बीपी म्हणतात, पण १२० ते १३९ मधल्या लोकांना सोडून देत नाहीत, वाढलेलं आहे, जपा, असंच सांगतात. घरी मोजलेल्या सरासरीसाठी मात्र रेषा १४०/९० ची नाही, १३५/८५ ची धरतात, कारण घरी माणूस निवांत असतो. दोन आकडे वेगवेगळ्या गटात पडले, समजा १२८/९२, तर जो गट वरचा तो धरायचा.

रेषेच्या अलीकडे सगळं सुरक्षित आणि पलीकडे सगळं धोक्याचं असं शरीरात काही नसतं. २००२ मध्ये ६१ अभ्यासांतल्या दहा लाख लोकांची माहिती एकत्र करून बघितली तेव्हा ४० ते ६९ वयात वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने वाढला की हृदयविकाराने आणि पक्षाघाताने मरण्याचा धोका दर वेळी साधारण दुप्पट होतो असं दिसलं, आणि हा चढ ११५/७५ पासूनच सुरू होतो. म्हणून १३४ आलं की "१४० च्या आत आहे ना" म्हणून वही बंद करून ठेवू नका.

आणि ते "१०० अधिक वय" सूत्र, म्हणजे साठीच्या माणसाला १६० चालतं वगैरे, ते कृपा करून विसरा. अजून घराघरात ऐकू येतं. १६० कुठल्याच वयात चालत नाही.

आता वयाप्रमाणे

*बाळ आणि लहान मुलं.* नवजात बाळाचं वरचं बीपी साधारण ६५ ते ७५ च्या आसपास असतं, पहिल्या काही आठवड्यांत ते भराभर वाढतं आणि वर्षाच्या सुमारास ८५-९० च्या आसपास येतं. म्हणजे मोठ्या माणसाचं ७० आलं तर आपण दवाखान्यात पळू आणि बाळाचं तेच अगदी ठीक असतं. मुलांमध्ये एकच ठरावीक आकडा नसतो. वय, मुलगा की मुलगी, आणि उंची, तिन्ही बघून तक्त्यात शोधतात. त्याच वयाच्या, तेवढ्याच उंचीच्या १०० मुलांमध्ये ९० पेक्षा जास्त मुलांच्या वर आपल्या मुलाचं बीपी असेल तर वाढलेलं, ९५ च्या वर असेल तर हाय. उंच मुलाचं थोडं जास्त असणं स्वाभाविक आहे.

तरी आईबाबांना अंदाज हवाच असतो, म्हणून सांगते. सहा वर्षाच्या मुलाचं १०५/६६ च्या, दहाव्या वर्षी १०८/७२ च्या आणि बाराव्या वर्षी ११३/७५ च्या पुढे गेलं तर तक्त्यात नीट बघायला हवं. मुलाला आजार झाला असा याचा अर्थ नाही, चाळणी लावायचे आकडे आहेत हे. नक्की ठरवायला वेगवेगळ्या तीन भेटींत वाढलेलं दिसावं लागतं, रडणाऱ्या मुलाचं बीपी वाढणारच की. तिसऱ्या वर्षापासून वर्षातून एकदा मुलांच्या डॉक्टरांना "बीपी बघाल का" असं आपणहून विचारा, आणि पट्टा लहान मुलांचाच हवा. खूप लहान मुलाचं खरोखरच जास्त येत असेल तर बहुतेक वेळा मागे काहीतरी कारण असतं, किडनी किंवा मग हृदयातून निघणारी मोठी धमनी जन्मतःच एका जागी अरुंद असणं, म्हणून तिथे थांबून बघू म्हणायचं नाही.

*तेरा ते अठरा.* तेराव्या वर्षापासून मोठ्यांच्याच रेषा लावतात, १२०/८० च्या खाली हवं. या वयात वाढलेलं बीपी हल्ली बऱ्याचदा वजन, कमी झोप आणि दिवसभर बसून राहणं यातून येतं. वयात येणाऱ्या मुलाला "तुला बीपी आहे" असं सगळ्यांसमोर म्हणू नका, त्याला मशिन हातात द्या आणि वही त्यालाच लिहू द्या, ते जास्त मनावर घेतात.

*वीस ते चाळीस.* याच वयात कोणी मोजत नाही. काही त्रास नसेल आणि आधीचं नॉर्मल असेल तरी तीन ते पाच वर्षांतून एकदा मोजायचं, घरात आईवडिलांना बीपी असेल किंवा वजन जास्त असेल तर दरवर्षी. चाळिशीनंतर सगळ्यांनीच दरवर्षी. तिशीच्या आत १५०-१६० यायला लागलं तर नुसती गोळी घेऊन मोकळे होऊ नका, कारण शोधा असं डॉक्टरांना सांगा. किडनीचा आजार, किडनीच्या धमनीतला अडथळा, थायरॉइड, किडनीच्या डोक्यावर बसलेल्या ग्रंथींमधून जास्त पाझरणारं एखादं हार्मोन, झोपेत श्वास अडकणं, यातलं काही सापडलं तर मूळ कारणावर उपचार होतो. मुलींनी गर्भनिरोधक गोळ्या सुरू करायच्या आधी बीपी मोजावं आणि सुरू केल्यावर काही आठवड्यांनी परत.

याच वयात कितीतरी सडपातळ मुलींचं ९५/६० येतं आणि घरचे घाबरतात. चक्कर नाही, थकवा नाही, डोळ्यांपुढे अंधारी नाही तर ते त्यांचं नॉर्मल आहे. लो बीपी हा आकडा ९०/६० च्या खाली धरतात, पण उपचार आकड्याला देत नाहीत, त्रासाला देतात. मात्र ज्याचं एरवी १३० असतं त्याचं अचानक ९० आलं आणि घाम फुटला, तर ती वेगळी गोष्ट, लगेच दाखवायचं.

*गरोदरपण.* इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथे चार दिवसांत चित्र पालटतं. पहिल्या महिन्यांत रक्तवाहिन्या सैल पडतात आणि बीपी उतरतं, पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास सगळ्यात कमी असतं, आणि शेवटच्या तीन महिन्यांत हळूहळू मूळ पातळीवर येतं. हे उतरणं माहीत नसेल तर फसायला होतं. जिचं आधी ११०/७० होतं तिचं सहाव्या महिन्यात १३२/८४ आलं तर रेषेच्या आतच आहे, पण जेव्हा उतरायला हवं तेव्हा ते चढलंय, डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं. म्हणून पहिल्या महिन्यांतला आकडा लिहून ठेवलेला असावा.

२० आठवड्यांनंतर चार तासांच्या अंतराने दोनदा १४०/९० किंवा वर आलं तर ते गरोदरपणातलं हाय बीपी. त्याच्याबरोबर लघवीतून प्रोटीन जाणं किंवा लिव्हर, किडनी, प्लेटलेट यांच्या तपासण्या बिघडणं आलं की त्याला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात आणि तो आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचा. १६०/११० आलं तर उद्या सकाळची वाट बघायची नाही, त्याच क्षणी हॉस्पिटल. आकडा काहीही असो, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके किंवा धूसर दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहरा आणि हात एकाएकी सुजणं, यातलं काही झालं तर फोन करत बसू नका, निघा.

आणि बाळंतपण झालं की धोका टळला असं सगळ्यांना वाटतं. तसं नाही! बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी सगळ्यात वर चढतं, म्हणजे नेमकी ती घरी आलेली असते आणि सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं तेव्हा. प्रीएक्लॅम्पसिया बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत होऊ शकतो. घरात कोणी बाळंतीण असेल तर तो पहिला आठवडा-दहा दिवस रोज तिचं बीपी मोजा, एवढं माझं ऐकाच. ज्यांना आधीपासून बीपीची गोळी आहे आणि बाळाचा विचार आहे त्यांनी आधीच डॉक्टरांना भेटावं, कारण नेहमीच्या काही गोळ्या, ज्यांची नावं "प्रिल" किंवा "सार्टन" ने संपतात, गरोदरपणात चालत नाहीत, बाळाच्या किडनीवर परिणाम होतो. त्याऐवजी चालणाऱ्या गोळ्या आहेत. आणि ज्यांना गरोदरपणात बीपी झालं होतं त्यांना पुढे आयुष्यात हाय बीपी आणि हृदयविकाराचा धोका जास्त राहतो, बाळ मोठं झालं तरी दरवर्षी मोजणं सोडायचं नाही.

*चाळीस ते साठ.* पुरुषांचं बीपी आधी वाढायला लागतं, बायकांचं पाळी जाईपर्यंत बऱ्यापैकी आटोक्यात असतं आणि मग झपाट्याने बरोबरी गाठतं. पाळी जाताना धडधड, घाम, झोपमोड होते त्यामुळे "ते हार्मोनचं आहे" म्हणून सगळं त्याच्यावर ढकललं जातं आणि बीपी कोणी बघतच नाही. आईचंही असंच राहून गेलं होतं, मला त्याचं अजून वाईट वाटतं. धडधड झाली तर आधी पट्टा लावा.

*साठीनंतर.* रक्तवाहिन्या तरुणपणी रबरासारख्या असतात, ठोका पडला की ताणल्या जातात आणि धक्का झेलतात. वय वाढलं की त्या ताठ होतात, धक्का झेलला जात नाही म्हणून वरचा आकडा चढतो, आणि परत आक्रसायचा जोर उरत नाही म्हणून खालचा उतरतो. खालचा आकडा वयाच्या साधारण पन्नास-पंचावन्नपर्यंत वाढतो आणि नंतर कमी व्हायला लागतो, वरचा मात्र चढतच राहतो. त्यामुळे १५८/७२ असं रीडिंग आलं की लोक म्हणतात खालचं तर छान आहे. खालचं उतरलंय ते धमन्या ताठ झाल्यात म्हणून. दोन आकड्यांतलं अंतर साधारण ४० असावं, ते ६० च्या पुढे राहायला लागलं तर दखल घ्या.

मग वय वाढलं की बीपी वाढणं अटळच आहे का? अ‍ॅमेझॉनच्या जंगलात यानोमामी नावाचे लोक राहतात, त्यांच्या जेवणात मीठ जवळजवळ नसतंच. १९८८ मध्ये ३२ देशांतल्या ५२ ठिकाणी लोकांचं मीठ आणि बीपी मोजलं होतं, त्यात यानोमामींचं सरासरी बीपी ९६/६१ च्या आसपास आलं आणि वयाप्रमाणे ते वाढतही नव्हतं. आपण त्यांच्यासारखं जगू शकत नाही हे खरं, पण नुसत्या वयाने बीपी वाढतं म्हणणाऱ्यांना मी नेहमी हे सांगते. वर्षांबरोबर मीठ, वजन आणि बसून राहणंही साठत जातं.

*पंचाहत्तर-ऐंशीच्या पुढे.* "आता कशाला गोळ्या" असं म्हणू नका. २००८ मध्ये ८० च्या पुढच्या ३८४५ लोकांवर झालेल्या चाचणीत १५०/८० चं लक्ष्य ठेवून गोळ्या दिल्या तरी मृत्यू आणि हार्ट फेल्युअर दोन्ही कमी झाले. २०१५ मध्ये पन्नाशीपुढच्या ९३६१ लोकांवर झालेल्या दुसऱ्या एका मोठ्या चाचणीत वरचा आकडा १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवल्यावर फायदा इतका स्पष्ट दिसला की ती वेळेआधीच थांबवली. पण त्यात चक्कर आणि किडनीचे त्रास जास्त झाले हेही लक्षात ठेवायचं, शिवाय मधुमेह असलेले आणि आधी पक्षाघात झालेले लोक त्यात घेतलेच नव्हते. म्हणून खुटखुटीत फिरणाऱ्या ८२ वर्षांच्या आजोबांचं आणि काठी धरून चालणाऱ्या, वजन घटलेल्या आजींचं लक्ष्य एकच नसतं, ते डॉक्टर माणूस बघून ठरवतात.

या वयात बसून मोजलं की उभं राहूनही मोजा. उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर पडण्याचा धोका आहे, आणि या वयात पडणं म्हणजे कमरेचं हाड. जेवणानंतर तास-दोन तासांतही बीपी उतरतं, म्हणून जेवून लगेच झटकन उठू देऊ नका. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. आमच्या आजीच्या पलंगाशेजारी भिंतीवर आम्ही "आधी बस" असं मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलंय.

पायरी ५: सरासरी जास्त आली तर

खूप जास्त नसेल, १३५-१४५ च्या घरात असेल आणि बाकी आजार नसतील तर डॉक्टर बरेचदा काही महिने राहणी बदलून बघायला देतात. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, आणि त्यात पाकिटातल्या पदार्थांतलं मीठही आलं. त्यातलं मीठ दिसत नाही म्हणून लेबल वाचा. वजन एक किलो उतरलं की वरचा आकडा साधारण एकने उतरतो, कमी वाटेल पण आठ किलोला ते एका गोळीच्या तोडीचं होतं. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, दारू कमी किंवा बंद, तंबाखू बंद, घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर त्याची तपासणी.

पोटॅशियमवाल्या मिठाचा खरंच उपयोग होतो. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेला एक अभ्यास २०२१ मध्ये आला, त्यात असं मीठ वापरणाऱ्यांमध्ये पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. पण किडनीचा आजार असेल किंवा वर सांगितलेल्या "प्रिल", "सार्टन" गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय घेऊ नका, रक्तात पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात.

गोळी सुरू झाली आणि आकडा १२४ आला की "आता बरं झालं" म्हणून गोळी बंद करणारे फार आहेत. १२४ आलंय ते गोळीमुळे. बंद किंवा कमी करायची असेल तर वही घेऊन जा आणि विचारून करा. सर्दीची नाक मोकळं करणारी औषधं, वेदनाशामक, स्टेरॉइड यांनी बीपी वाढतं, तेव्हा दुकानातून काही घेताना "मला बीपी आहे" हे आधी सांगा.

१८०/१२० आलं तर

आधी घाबरू नका. छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, अचानक कमी दिसणं, गोंधळल्यासारखं होणं, यातलं एक जरी असेल तर परत मोजत बसू नका, ताबडतोब अ‍ॅम्ब्युलन्स. यातलं काहीच नसेल तर पाच मिनिटं शांत बसवून परत मोजा. परत तेवढंच आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. मधल्या वेळात आपल्या मनाने जास्तीची गोळी देऊ नका, जिभेखाली तर काही ठेवूच नका, बीपी एकदम धाडकन खाली आलं तर मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडतं.

डॉक्टरांकडे जाताना वहीबरोबर मशिनही न्या. तिथल्या मशिनने आणि तुमच्या मशिनने एकामागोमाग एक मोजून घ्या, पाच-सातचा फरक चालतो, त्याहून जास्त येत असेल तर पट्टा किंवा मशिन बदला. आईचं आता १२८/७८ च्या आसपास असतं, मशिन दर वर्षी पडताळून आणतो, आणि तिची तिसरी वही चालू आहे.